पेट्रोल खातो तो ब्रेक
(आकाशवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)



आपल्याकडे कुणी नवी गाडी घेतली की पेढा तोंडात असतानाच पहिला प्रश्न येतो, ‘अ‍ॅव्हरेज किती देते?’ रंग, आसनं, डिकी हे सगळं नंतर. प्रश्न रास्त आहे. पण तो आपण नेहमी गाडीबद्दल विचारतो, चालवणाऱ्याबद्दल विचारत नाही. एकाच कंपनीच्या, एकाच वर्षाच्या दोन गाड्या एकाच सोसायटीत उभ्या असतात. एकाला लिटरमागे अठरा किलोमीटर मिळतात, शेजाऱ्याला चौदा. मग चौदावाला गॅरेजमध्ये जातो, प्लग बदलतो, फिल्टर बदलतो, पेट्रोलपंप बदलतो. सगळं बदलून झालं तरी आकडा हलत नाही, कारण त्याचा उजवा पाय तोच असतो.

तीस वर्षं मी गाडी चालवायला शिकवण्याचं काम केलं. सुरुवातीला नवशिक्यांना शिकवलं. पुढे टूरिस्ट गाड्या, टेम्पो आणि ट्रक चालवणाऱ्या अनुभवी चालकांचे उजळणी वर्ग घेतले. इंधन कसं वाचवायचं, हा त्या वर्गांचा ठरलेला विषय असे. आज त्यातलंच चार गोष्टींचं गाठोडं आपल्यापुढे सोडतो आहे.

आधी पेट्रोल जातं कुठं ते पाहू. आपण टाकीत जे ओततो, त्यातली जेमतेम चौथाई शक्ती चाकांपर्यंत पोचते. बाकीची इंजिनाच्या उष्णतेत आणि सायलेन्सरच्या धुरातून निघून जाते. त्यात आपण फार काही करू शकत नाही, तो इंजिनाचा स्वभाव आहे. पण चाकांपर्यंत पोचलेल्या त्या चौथाईचं काय करायचं, हे मात्र पूर्णपणे आपल्या हातात, म्हणजे खरं तर पायात असतं.

समजा, आपली मोटार माणसांसकट एक हजार किलो वजनाची आहे. ती उभ्या जागेवरून ताशी ६० किलोमीटर वेगाला न्यायला जी शक्ती लागते, तिचा हिशेब मांडला तर साधारण १७ मिलिलिटर पेट्रोल होतं. म्हणजे चहाचे तीन चमचे भरून. आता समोर लाल दिवा दिसला आणि आपण कचकन ब्रेक मारून थांबलो, की ते तिन्ही चमचे ब्रेकच्या पट्ट्यांत उष्णता होऊन गेले. हवेत गेले म्हणा ना. दिवा हिरवा झाला की पुन्हा तीन चमचे. पेट्रोल लिटरला शंभर रुपये धरलं, तर असा एकेक ब्रेक पावणेदोन रुपयांना पडतो. घरापासून कचेरीपर्यंत असे किती ब्रेक आपण मारतो, ते उद्या मोजून पाहा.

यातली एक गंमत लक्षात ठेवण्यासारखी आहे. वेग दुप्पट झाला की त्यात साठलेली शक्ती चौपट होते. ताशी ३० किलोमीटरवरून थांबलं तर एक चमचाही पुरता जात नाही, ६० वरून थांबलं तर तीन चमचे जातात. म्हणून दोन सिग्नलमधल्या तीनशे मीटरच्या तुकड्यात गाडी साठपर्यंत पिटाळण्यात काही अर्थ नसतो. पुढे जाऊन थांबायचंच असतं, फक्त चौपट पैसे देऊन थांबायचं. अलीकडच्या हायब्रिड आणि विजेवरच्या गाड्या ब्रेक लावताना वाया जाणाऱ्या या शक्तीचा काही भाग बॅटरीत परत भरून घेतात. हायब्रिड गाडीचं शहरातलं अ‍ॅव्हरेज चांगलं असण्याचं ते एक मोठं कारण आहे. आपल्या साध्या गाडीत ती सोय नाही, पण ब्रेक लागूच नये अशी सोय आपण करू शकतो.

ती कशी? तर डोळ्यांनी. नवशिक्या चालकाची नजर बॉनेटच्या पुढे दोन गाड्यांवर खिळलेली असते. पुढच्याचे लाल दिवे लागले की हा ब्रेक मारतो. मुरलेला चालक मात्र दहा-बारा सेकंदांनी आपण जिथे असू, तिथं पाहत असतो. ताशी ५० च्या वेगात ते अंतर दीडशे मीटरच्या आसपास येतं. तिथं सिग्नल लाल आहे, रिक्षास्टँडपाशी कोंडी आहे, बस थांब्याला लागते आहे, शाळा सुटली आहे, हे त्याला आधीच दिसतं. तो शांतपणे अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय उचलतो. गाडी गिअरमध्येच आपल्या वेगाने पुढे सरकत, मंदावत राहते आणि तो सिग्नलपाशी पोचेपर्यंत बहुधा दिवा हिरवा होतो. दुसऱ्या गिअरमध्ये तो तसाच पुढे निघतो. जो जोरात येऊन थांबला होता, तो तेव्हा पहिल्या गिअरमध्ये गाडी उचलत असतो.

वर्गात मी एक प्रयोग करायला लावत असे. गावातलाच दहा किलोमीटरचा रस्ता, चालक तोच, गाडी तीच. पहिल्या फेरीत नेहमीसारखं चालवायचं आणि शेजारी बसलेल्याने बोटांवर ब्रेक मोजायचे. दुसऱ्या फेरीत सूचना एकच, ‘ब्रेकला पाय कमीत कमी वेळा लागला पाहिजे.’ वेग किती, गिअर कोणता, काही सांगायचं नाही. चालक आपोआप अंतर ठेवू लागे, लांब पाहू लागे, उगीच पिटाळणं बंद करी. ब्रेकची संख्या बहुतेक वेळा निम्म्यावर येई. आणि सगळ्यांना नवल वाटे ते वेळेचं. दोन फेऱ्यांत मिनिट-दोन मिनिटांपेक्षा जास्त फरक क्वचितच पडे.

यावर एक हरकत हमखास येते. आपल्याही मनात ती आली असेल. ‘अहो, आपल्याकडे अंतर ठेवलं की दुसरा घुसतो!’ घुसतो, खरं आहे. घुसू द्या. दहा जण घुसले आणि प्रत्येकाने आपले दोन सेकंद घेतले असं धरलं, तर आपण घरी वीस सेकंद उशिरा पोचू. त्या वीस सेकंदांसाठी पुढच्याच्या बंपरला चिकटून सबंध रस्ताभर ब्रेक आणि अ‍ॅक्सिलरेटर यांचा तबला वाजवत जायचं का, हे ज्याचं त्याने ठरवावं. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याने याचा अंदाज दिला आहे. झटके देत, पिटाळत चालवण्याने थांबत-थांबत चालणाऱ्या रहदारीत अ‍ॅव्हरेज १० ते ४० टक्क्यांपर्यंत खाली येऊ शकतं. एवढी मोठी बचत देणारं कुठलंही यंत्र, गोळी किंवा चुंबक बाजारात मिळत नाही.

आता गाडी उचलण्याबद्दल. जपानमध्ये चालकांना एक सोपं सूत्र शिकवतात. गाडी उभ्या जागेवरून निघाली की पहिल्या पाच सेकंदांत ताशी २० किलोमीटरपर्यंत न्यायची, त्याहून घाई करायची नाही. मनातल्या मनात पाच आकडे मोजायचे, बस्स. त्यानंतर गिअर लवकर वरचा टाकायचा. पेट्रोल गाडीत इंजिनाचे फेरे मिनिटाला दोन-अडीच हजारांवर जायच्या आत आणि डिझेल गाडीत दोन हजारांच्या आसपास गिअर बदलला की पुरतं. इंजिन जितके जास्त फेरे मारतं, तितकी त्याची स्वतःच्याच घर्षणात ताकद जाते. मात्र याचा अतिरेकही नको. चढावर चौथ्या गिअरमध्ये गाडी धक्के देऊ लागली, थरथरू लागली, तरी काहीजण काटकसर म्हणून गिअर उतरवत नाहीत. त्यात इंजिनाचे हाल होतात आणि पेट्रोलही वाचत नाही. इंजिनाचा आवाज ऐकायला शिकलं की काट्याकडे पाहावं लागत नाही.

हायवेवर गोष्ट थोडी बदलते. तिथं ब्रेक कमी लागतात, पण वाऱ्याशी झुंज सुरू होते. वाऱ्याचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. ताशी ८० ऐवजी १०० ने गेलो, तर वारा दीडपटीहून जास्त जोराने अडवतो. १२० ने गेलो तर सव्वादोन पट. बहुतेक मोटारी वरच्या गिअरमध्ये ५० ते ८० या पट्ट्यात सर्वांत कमी इंधनावर चालतात. १९७८ मध्ये स्थापन झालेली आपली पेट्रोलियम कन्झर्वेशन रिसर्च असोसिएशन ताशी ४५ ते ५५ चा वेग सांगत आली आहे. तिच्या जाहिराती दूरदर्शनवर पाहिल्याचं अनेकांना आठवत असेल. आजच्या रुंद हायवेवर ५० ने चालवा असं मी म्हणणार नाही, मागच्याला ते धोक्याचंही ठरतं. पण ८० किलोमीटरचा सरळ टप्पा ८० ने गेलो तर एक तास लागतो आणि १०० ने गेलो तर ४८ मिनिटं. ही बारा मिनिटं पुढच्या फूड मॉलमध्ये वडापावच्या रांगेत जाणार असतील, तर ती कशासाठी विकत घ्यायची?

१९७३ मध्ये अरब देशांनी तेल रोखलं, तेव्हा अमेरिकेसारख्या गाडीवेड्या देशालाही हाच उपाय सुचला. जानेवारी १९७४ मध्ये अध्यक्ष निक्सन यांनी कायद्यावर सही केली आणि देशभर ताशी ५५ मैलांची, म्हणजे सुमारे ८८ किलोमीटरची मर्यादा आली. ती पुढे १९९५ पर्यंत या ना त्या रूपात टिकली. हेतू तेल वाचवण्याचा होता, पण रस्त्यावरच्या मृत्यूंचा आकडाही १९७३ च्या ५४ हजारांवरून १९७४ मध्ये ४५ हजारांवर आला. त्या वर्षी लोकांनी गाड्याही कमी चालवल्या, म्हणून सगळं श्रेय वेगाला देता येणार नाही. पण तेल वाचवायला जावं आणि माणसं वाचावीत, हा योग लक्षात ठेवण्यासारखा आहे. या भाषणाच्या शेवटी मी तिथंच येणार आहे.

त्याआधी काही बारीकसारीक गोष्टी. टायरमधली हवा पंधरा दिवसांतून एकदा, गाडी फारशी चाललेली नसताना, म्हणजे टायर थंड असताना तपासावी. किती हवी, ते चालकाच्या दाराच्या चौकटीवर लिहिलेलं असतं. टपावरचं कॅरिअर लग्नाला किंवा गावी जाताना लावावं आणि परत आल्यावर काढून ठेवावं. रिकामं कॅरिअरसुद्धा वाऱ्याला अडवतं. डिकीत वर्षभर फिरणारी सतरंजी, क्रिकेटचं किट आणि पाण्याचे कॅन खाली उतरवावेत. गावात सावकाश जाताना शक्य तर काचा उघडाव्यात, हायवेवर मात्र काचा बंद करून एसी लावलेला परवडतो, कारण उघड्या खिडक्या वारा आत कोंडून गाडी मागे खेचतात. सिग्नलला अर्ध्या मिनिटाहून जास्त थांबायचं असेल तर इंजिन बंद करावं. नुसतं उभं इंजिन तासाला अर्धा ते एक लिटर पेट्रोल पितं आणि त्या काळातलं अ‍ॅव्हरेज शून्य असतं. सकाळी गाडी ‘गरम करायला’ दहा मिनिटं चालू ठेवायची आजच्या गाड्यांना गरज नाही. सुरू करावी आणि पहिला किलोमीटर-दोन किलोमीटर सबुरीने चालवावी. स्कूटर-मोटारसायकलवाल्यांनी एवढंच पाहावं, की पाय मागच्या ब्रेकवर विसावलेला नाही ना. अनेकांचा असतो आणि त्यांना ते ठाऊकही नसतं.

आता ज्या गोष्टीसाठी मी हे बोलणं मुद्दाम स्वीकारलं, त्याकडे वळतो. इंधन वाचवण्याची एक युक्ती आपल्याकडे गुरूकडून चेल्याकडे चालत आली आहे. ‘उतार लागला की न्यूट्रल टाक. लांब उतार असेल तर इंजिनच बंद कर.’ क्लीनरचा ड्रायव्हर होतो तेव्हा त्याला जे शिकवलं जातं, त्यात हे असतंच. ही युक्ती माणसं मारते.

तिचा उगम समजून घेतला पाहिजे. जुन्या अँबॅसडर, प्रीमियर पद्मिनी या कार्बोरेटरवर चालणाऱ्या गाड्या होत्या. पाय उचलला तरी कार्बोरेटरमधून थोडं पेट्रोल ओढलं जात राही. तेव्हा न्यूट्रलमध्ये थोडी बचत होत असे. मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सीने २०२३ मध्ये निरोप घेतला, पण तिची सवय अजून गेलेली नाही. आजच्या इंजेक्शनच्या गाडीत गिअर तसाच ठेवून पाय उचलला, की संगणक पेट्रोल पूर्ण बंद करतो. चाकंच इंजिनाला फिरवत ठेवतात. न्यूट्रल टाकलं तर मात्र इंजिन चालू ठेवण्यासाठी पेट्रोल द्यावंच लागतं. म्हणजे घाट उतरताना गिअरमधली गाडी फुकट चालते आणि न्यूट्रलमधली पैसे घेते! जुन्या डिझेल ट्रकच्या पंपातसुद्धा गव्हर्नर हेच काम करत असे. अगदी सौम्य उतारावर न्यूट्रलमध्ये गाडी जरा लांब घरंगळते, हे खरं. पण घाटात आपल्याला लांब घरंगळायचं नसतं, आवरायचं असतं.

आवरायचं म्हणजे किती, त्याचा अंदाज देतो. पंचवीस टनांचा भरलेला ट्रक बोरघाटातून लोणावळ्याहून खोपोलीकडे उतरतो. उंची पाचशे मीटर धरा. एवढं वजन एवढं खाली येताना जी उष्णता निघते, तिच्यावर जवळजवळ चारशे लिटर पाणी उकळेल. गिअरमध्ये असेल तर त्यातला मोठा भाग इंजिन पोटात घेतं. न्यूट्रलमध्ये सगळा भार ब्रेकवर. ब्रेक तापतात, वास येतो, मग पॅडल दाबलं तरी पकड येत नाही. इंजिन बंद असेल तर आणखी वाईट. मोटारीत दोन-तीनदा ब्रेक दाबल्यावर बूस्टरची मदत संपते आणि पॅडल दगडासारखं घट्ट होतं, पॉवर स्टिअरिंग जड होतं. ट्रकच्या ब्रेकला लागणारी हवा इंजिनावरच भरली जाते, ती भरणं थांबतं. आणि त्या क्षणी गिअर टाकू म्हटलं तर तो पडत नाही.

पुण्यात नवले पुलाजवळ २० नोव्हेंबर २०२२ च्या संध्याकाळी एका ट्रकने चाळीसहून अधिक गाड्यांना धडक दिली. नव्या कात्रज बोगद्याकडून येणारा तो लांब उतार आहे. ट्रक न्यूट्रलमध्ये उतरत होता, असं पोलिसांनी तेव्हा सांगितलं. त्या रस्त्यावर न्यूट्रलमध्ये गाडी चालवू नका, असे फलक आज दिसतात. फलक हवेतच. पण नुसत्या फलकाने ही सवय जाणार नाही, कारण तिच्यामागे पोटाचा प्रश्न आहे.

एका वर्गात पन्नाशीचे एक ट्रकचालक होते. सगळे त्यांना मामा म्हणत. माझं न्यूट्रलपुराण ऐकून घेतल्यावर ते शांतपणे म्हणाले, “सर, तुमचं पटतंय. पण मालक ट्रिपचं डिझेल मोजून देतो. वाचलं तर माझं, कमी पडलं तर माझ्या पगारातून. मग मी काय करायचं?” वर्गात कुणी हसलं नाही. मी त्यांना म्हणालो, “मामा, तुम्ही वाचवाच. पण घाटात नको, सपाटीवर वाचवा.” आणि आम्ही फळ्यावर हिशेब मांडला. एखादी टूरिस्ट गाडी महिन्याला चार हजार किलोमीटर चालते असं धरा. लिटरला सोळा मिळाले तर अडीचशे लिटर लागतं. लांब पाहून, ब्रेक वाचवून सोळाचे अठरा झाले तर २२२ लिटर. महिन्याला २८ लिटर वाचलं. नव्वद रुपयांनी अडीच हजार होतात. कुणाच्या गाडीचा हप्ता हलका होतो, कुणाच्या पोराची शिकवणी भागते. आणि यासाठी एकदाही इंजिन बंद करावं लागत नाही.

गाड्यांच्या मालकांनाही माझी विनंती आहे. डिझेल मोजून जरूर द्या, पण घाटाचा हिशेब सपाटीच्या मापाने करू नका. अ‍ॅव्हरेज कमी आलं म्हणून पगार कापण्यापेक्षा, ते चांगलं आलं तर बक्षीस द्या. आणि ज्याच्या ब्रेकच्या पट्ट्या जास्त दिवस टिकतात, त्याला आधी द्या. तोच तुमचं डिझेलही वाचवतो आहे आणि ट्रकही. घाटाचा जुना नियम सगळ्यांनीच पाठ करावा. ज्या गिअरमध्ये घाट चढला असता, त्याच गिअरमध्ये उतरायचं. आणि तो गिअर उतार सुरू व्हायच्या आधी टाकायचा.

श्रोतेहो, पेट्रोल वाचवणं म्हणजे गाडीवरचा ताबा सोडणं नव्हे, ताबा वाढवणं. जो लांब पाहतो, अंतर ठेवतो आणि आधीच पाय उचलतो, त्याचं पेट्रोल वाचतं. अचानक रस्त्यात आलेलं पोरही त्याच्याच गाडीसमोर वाचतं. दोन्ही वाचवणारी सवय एकच आहे.

एक छोटं काम सांगून थांबतो. पुढच्या वेळी टाकी काठोकाठ भरा आणि किलोमीटरचा आकडा लिहून ठेवा. टाकी संपत आली की पुन्हा तशीच काठोकाठ भरा. किती किलोमीटर झाले, त्याला किती लिटर बसलं याने भागा. हे तुमचं आजचं अ‍ॅव्हरेज. त्यानंतरची एक टाकी फक्त ब्रेक मोजत चालवा आणि पुन्हा भागाकार करा. उत्तर काय येतं, ते मग शेजाऱ्याला जरूर सांगा. त्याचं चौदा आहे ना!